करंगळी वर

जूनमध्ये शाळा उघडते त्या सकाळी मी दरवर्षी प्राथमिक शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या चहाच्या टपरीआड लपून उभा राहतो. लपावंच लागतं. आमच्या बालवाडीतून पहिलीत गेलेल्या एका जरी पोराला मी दिसलो, तर ते आईचा हात सोडून माझ्याकडे धावत सुटणार, आणि भोसरीच्या त्या रस्त्यावर सकाळच्या वेळी कंपन्यांच्या बसगाड्या आणि माल भरलेले टेम्पो कुणासाठी थांबत नाहीत. शिवाय एक रडलं की सगळी रडतात. उन्हाळ्याआधी केलेली सगळी तयारी पाण्यात. टपरीवाल्याला हे आता पाठ झालंय. मी आलो की तो दुधाच्या क्रेटमागची जागा मोकळी करतो. एकदा मला म्हणाला, "काय राव सर, पोरं पहिलीला चाललीत का पोरी सासरी?"

मी हसलो. पण खरं सांगायचं तर माझे तळहात तेव्हा ओले असतात. एकेक पोर फाटकातून आत जातं तसं मी मनात म्हणत राहतो, याला पँटचं बटण काढता येतं, हिला डब्याचं झाकण उघडतं, याला स्वतःचं पूर्ण नाव कळतं. आत गेल्यावर मला काही दिसत नाही. माझं काम त्या फाटकाशी संपलं, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

बालवाडीत शिकवणारा पुरुष आपल्याकडे फारसा बघायला मिळत नाही. मी डी.एड. केलं ते भरतीच्या आशेवर. भरती निघेना, तेव्हा गाव सोडून भोसरीत आलो आणि एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिलो. ते वर्कशॉप बंद पडलं त्याच सुमारास आमच्या घरमालकांच्या जागेत बालवाडी चालवणाऱ्या ताई लग्न होऊन गेल्या. "मास्तर शिकलेले हायेत, चार दिवस बघतील," असं घरमालकांनी परस्पर ठरवून टाकलं. ते चार दिवस अजून चालू आहेत.

नवी आई पोराला घेऊन दारात येते, माझ्या खांद्यावरून आत बघते आणि विचारते, "मॅडम नाहीत का?"

"मीच," मी म्हणतो.

मग ती हिराक्कांकडे बघते. हिराक्का आमच्या मदतनीस. भोसरीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या जमिनीवर केव्हाच कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या, पण बोलणं अजून बांधावरचंच. त्या पदर खोचून पुढे येतात. "बाई, मी हाय हितं. मास्तर निस्ते शिकवत्यात. शी-शू समदं माझ्याकडं."

ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. आणि तिच्या सोयीसाठी आमच्याकडे करंगळी होती. लघवीला जायचं असेल त्या मुलाने करंगळी वर करायची. मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही ही खूण सांगावी लागणार नाही. करंगळी दिसली की मी हिराक्कांकडे मान हलवायचो, त्या पोराला घेऊन जायच्या. एक अक्षर बोलावं लागायचं नाही. ही मुलांची सोय, असं मी पालकांना सांगत असे. खरं तर ती माझी होती. परक्यांच्या लहानग्या मुली माझ्या ताब्यात असताना असल्या गोष्टींचा शब्दसुद्धा माझ्या वर्गात निघू नये, असं मला वाटे. कुणाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. ही भीती अजून गेलेली नाही. मूल पडलं तर उचलण्याआधी माझी नजर दारात कोण आहे तिकडे जाते, आणि मग मला माझी लाज वाटते.

माझा दुसरा आधार म्हणजे शांतता. पुरुषमाणसाला इतकी बारकी पोरं आवरायची नाहीत, असं सगळ्यांनी धरलेलं. म्हणून माझा वर्ग गप असला पाहिजे, असा मी हट्टच धरला. "हाताची घडी" म्हटलं की घड्या, "तोंडावर बोट" म्हटलं की बोटं. रस्त्याने जाणारा माणूस खिडकीशी थबकायचा. "वा सर! पोरं हायेत का फोटो?" याचा मला अभिमान होता. इतर कुठे माझी कुणी वा वा केलेली नव्हती, हेही इथे सांगून टाकतो.

पहिलीची तयारी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नीट कळत नाही. पालकांना वाटतं, शंभरपर्यंत आकडे आणि मुळाक्षरं आली की झालं. आकडे पहिलीत शिकवतातच. घोळ होतो तो इतर ठिकाणी. आमच्या पोरांना स्वतःचं नाव माहीत नसतं. घरी पिल्या, बाळ्या, माऊ, छकुली. पहिलीच्या बाई हजेरीत वडिलांच्या आणि आडनावाच्या शेपटासकट नाव घेतात, तेव्हा ते नाव कुणा भलत्याच माणसाचं असावं तसं पोर इकडेतिकडे बघत राहतं. एका पोराची पहिले काही दिवस गैरहजेरी लागली. तो रोज पहिल्या बाकावर बसलेला होता. म्हणून फेब्रुवारीपासून मी खोटी हजेरी घेतो. मग बूट कुठला उजवा, डबा उघडणं, नळ बंद करणं, रांगेत पुढच्याचा शर्ट न ओढता उभं राहणं. मार्चमध्ये एके दिवशी सगळ्यांना हाताला हात धरून खऱ्या शाळेत घेऊन जायचं, पहिलीच्या बाकांवर बसवायचं, संडास दाखवायचा. याला आम्ही तालीम म्हणतो.

पालकही नाना तऱ्हेचे. एक वडील कंपनीत क्वालिटीला होते. दर शनिवारी यायचे, मुलाला दारात उभं करून विचारायचे, "सर, फायनल इन्स्पेक्शनला पास होईल ना हा पीस?" मी म्हणायचो, "अहो, होईल." तर म्हणायचे, "रिजेक्शन नको हां. रिवर्क तुमच्याचकडून करून घेणार मी." हिराक्कांनी एकदा त्यांना सुनावलं, "भाऊ, पोरगं हाय ते. नटबोल्ट न्हाई." त्यांना राग आला नाही. ते तर पुढच्या शनिवारीही आले. घाबरलेला बाप होता बिचारा, आपल्याला येते त्या भाषेत घाबरायचा.

ईश्वरी आमच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. वडील केशव एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर ऑपरेटर, आई सविता घरीच. माणसं हिंगोलीकडची. घरमालकांच्याच मागच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांची जी लांब ओळ आहे, तिला सगळे लाईन म्हणतात, तिथे एका पत्र्याच्या खोलीत राहायची. पहिल्या दिवशी इतर पोरं आईच्या पायाला मिठ्या मारून टाहो फोडत होती. ईश्वरीने आईचा हात सोडला, आत आली, भिंतीशी बसली, आणि मी काही म्हणायच्या आधी हाताची घडी घातली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. आवाज नव्हता.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, काय गुणी पोर आहे.

तिला मी पुढे बसवलं. "ईश्वरी बघा कशी बसलीय," हे माझं दिवसातून अनेकदा म्हणायचं वाक्य झालं. ती सगळं करायची. चित्रातला बैल ओळखून बोट ठेवायची, मणी ओवायची, बुटाची नाडी बांधायला सगळ्यांच्या आधी शिकली. गाण्यात ओठ हलायचे. तिच्या ओठांतून गाणं येतंय की नाही, हे इतक्या पोरांच्या गलक्यात मी कधी ऐकायला गेलो नाही.

हिराक्का मात्र ऐकायला गेल्या. एका दुपारी सतरंज्या गुंडाळताना मला म्हणाल्या, "मास्तर, ही पोर हसती तरी आवाज येत न्हाई."

"शांत आहे स्वभाव."

"सोभाव कसला! रडताना गप ऱ्हानारं पोर पाह्यलंय म्या. हसताना गप ऱ्हानारं न्हाई पाह्यलं."

मी विषय बदलला. वर्गातल्या सगळ्यात चांगल्या मुलीबद्दल कुणी असं बोललेलं मला आवडलं नाही.

दुसऱ्या वर्षी मार्चच्या तालमीत पहिलीच्या बाईंनी हौसेने हजेरी घेतली. "ईश्वरी केशव ढवळे." ईश्वरी उठली, हात वर केला. बाई म्हणाल्या, "हजर म्हण बाळा." ती हात वर करून उभी. मला मागून राहवलं नाही. "बाई, ती लाजरी आहे. हात केलाय बघा." बाई हसल्या आणि पुढचं नाव घेतलं. मग शाळेचा संडास दाखवला. आता लघवीला जायचं असलं तर काय करायचं, असं मी विचारलं आणि सगळ्या करंगळ्या वर गेल्या. ईश्वरीची सगळ्यात ताठ. मी म्हणालो, "शाब्बास!"

त्या जूनमध्ये टपरीआडून मी तिला आत जाताना पाहिलं. रडली नाही, मागे वळून बघितलं नाही. तिच्याबाबतीत माझे तळहात ओले झाले नव्हते. ती एकटी अशी होती, जिची मला काळजी नव्हती.

शाळा सुरू होऊन काही दिवस झाले असतील. सविता बालवाडीच्या दारात आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

"सर, लेकरू पाणीच पिईना झालंय."

"म्हणजे?"

"सकाळी उठल्यापून शाळा सुटेपर्यंत घोटभर न्हाई. काल ताप आला. डॉक्टर मनले लघवीची आग झाली, पाणी पाजा. पाजावं कसं? दात आवळून बसायलीय. आन शाळेत जायचं नावच काढू देईना."

मी त्याच दिवशी शाळा सुटताना पहिलीच्या बाईंना गाठलं. बाई वाईट नव्हत्या. दमलेल्या होत्या. वर्ग गच्च भरलेला, त्यात निम्मी पोरं आईसाठी रडणारी. त्या म्हणाल्या, "सर, मी फळ्यावर लिहीत होते. पाठमोरी. मुलं हसायला लागली म्हणून वळले, तर ही उभी, करंगळी वर, आणि बाकाखाली पाणी. किती वेळ उभी होती देव जाणे. एकदा नाही, तीनदा झालं असं. मी सांगते, अगं हाक मार मला. तर नुसती बघते." मग म्हणाल्या, "पोरं नावं ठेवतात हो तिला. तयार नाहीय ती. परत वर्षभर तुमच्याकडेच बसवा."

 माझ्या वर्गात ती करंगळी मला दिसायची, कारण माझं तोंड मुलांकडे असायचं आणि शेजारी हिराक्का असायच्या. फळ्याकडे तोंड केलेल्या बाईला करंगळी दिसत नाही, ही इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. मी त्या पोरीला एक खूण देऊन पाठवलं होतं, जी फक्त माझ्याच खोलीत चालत होती.

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर मी मागच्या लाईनीत गेलो. इतकी वर्षं शेजारी राहून भर दुपारी तिथे मी कधी गेलो नव्हतो. बोळात पोरं क्रिकेट खेळत होती. आधी मला कळेना की यात विचित्र काय आहे. चेंडू चिंध्यांचा होता. बॅट जाड पुठ्ठ्याची. स्टंप उडाला तेव्हा बॉलरने दोन्ही हात वर फेकले, तोंड आ केलं, आणि त्या उघड्या तोंडातून काहीही बाहेर आलं नाही. अंपायर झालेल्या पोराने बोट वर केलं. बाद झालेला चिडून पाय आपटायला गेला, मग त्याला आठवलं, आणि त्याने पाय अलगद खाली टेकवला.

सविता मला बघून दाराबाहेर आली, दार हळूच ओढून घेतलं आणि नळाकडे चलण्याची खूण केली. आत केशव झोपला होता. नळापाशी आल्यावर ती पुटपुटली, "या लाईनीत तिसऱ्या शिफ्टची मानसं लई. सकाळी येऊन झोपत्यात. एकच खोली. लेकरांनी गप ऱ्हायलाच पायजे, सर."

मी ईश्वरीबद्दल विचारलं, तशी ती नळाकडे बघत राहिली. मग तिने जे सांगितलं ते असं. ईश्वरी तीन वर्षांची असताना केशवच्या मधल्या दोन बोटांची पेरं प्रेसखाली गेली होती. दवाखान्यातून आल्यावर काळजीने, संतापाने सविता पोरीला म्हणाली होती, "रडून रडून झोपू दिलं न्हाईस बापाला, बघ आता काय झालं." एकदाच म्हणाली होती. त्या दिवसापासून ईश्वरीने घरात आवाज काढला नव्हता. हळूहळू कुठेच नाही.

"मला वाटलं, शहाणी झाली," सविता म्हणाली.

मलाही तसंच वाटलं होतं. ते मी तिला सांगितलं. दोघं तिथे नळापाशी उभे राहिलो. पोरं मागे बिनआवाजाची मॅच खेळत होती.

तेवढ्यात केशव उठून आला. डोळे लाल, अंगावर बनियन. मला नमस्कार केला आणि शाळेतलं सगळं ऐकून सरळ म्हणाला, "सर, मी ठरवलंय. गावाकडं माझ्या आईपाशी नेऊन घालतो तिला. तिथं मोकळं हाय. हितं पुन्हा बालवाडीत बसवलं तर लाईनीतली पोरं नापास मनून चिडवतील."

"आणि आईबाप इथे?"

"मग काय करू? तुमीच सांगा ना. नोकरी सोडू?"

 मला एवढंच कळत होतं की ही पोर एकदा आईबापापासून दूर गेली, तर तिच्या मनात त्याचा अर्थ एकच होणार, की आपला आवाज नसतानासुद्धा आपण नको झालो. मी म्हणालो, "केशवभाऊ, या गुरुवारी तुमची सुट्टी आहे ना? सकाळी शिफ्ट सुटली की तिला घेऊन बालवाडीत या. मग काय ते ठरवा."

भोसरीत गुरुवारी बहुतेक कंपन्या बंद. त्या दिवशी आमच्या भागाचा आवाजच बदलतो. मी खेळ ठरवला होता. बापाने झोपेचं सोंग घ्यायचं आणि ईश्वरीने मोठ्याने हाक मारून त्याला उठवायचं. मला वाटलं, फार सुंदर कल्पना आहे. रात्री मनातल्या मनात तिची उजळणीही केली.

केशव आला तो रात्रपाळीवरून तसाच. सतरंजीवर आडवा झाला, डोळे मिटले. सविता दारात. नव्या वर्षाची पोरं गोल करून बसलेली. मी म्हणालो, "ईश्वरी, पप्पांना उठव बघू. जोरात हाक मार."

ईश्वरीने बापाकडे बघितलं. मग आमच्याकडे तोंड केलं, तोंडावर बोट ठेवलं आणि सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. झालं. शाळा सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता, पण तेवढ्यात मी पोरांना पढवून ठेवलं होतं. सगळ्यांनी घड्या घातल्या, सगळ्यांची बोटं ओठांवर गेली. खोलीत फक्त पंख्याची घरघर. माझा वर्ग इतका शांत कधीच नव्हता. मला तिथे बसवेना.

तेवढ्यात दुसरा आवाज आला. केशव घोरत होता. सोंग नव्हतं ते. रात्रभर उभा राहिलेला माणूस, खाली सतरंजी, वर पंखा. खरोखर झोपला होता.

माझी कल्पना फसली होती. हिराक्का माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. मग काय झालं मला माहीत नाही, मी ओरडलो. "आई गं!" असंच काहीतरी. माझ्या वर्गात मी पहिल्यांदा ओरडलो. पोरं दचकली. केशव घोरतच होता. हिराक्कांनी कोपऱ्यातलं खाऊचं ताट उचललं आणि त्यावर पळी हाणली. ठण्ण! केशव हलला नाही. मी पोरांना म्हणालो, "ओरडा रे!" आधी त्यांचा विश्वास बसेना. मग एकाने किंचाळून बघितलं, आणि नंतर जे सुरू झालं त्याला आवर नव्हता. डबे, पाट्या, पाय, गळे. शेजारची माणसं खिडकीत आली. त्या सगळ्या दंग्यात तो माणूस कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

दारातून सविता म्हणाली, "अगं बया!"

मी ईश्वरीकडे बघत होतो. ती बापाच्या उशाशी उकिडवी बसली होती आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग ती वाकली. "पप्पा." मला ओठांवरून कळलं, ऐकू नाही आलं. तो झोपलेलाच. "पप्पा." या वेळी आलं. घोगरा, न वापरलेला आवाज. तिने आमच्याकडे बघितलं, पुन्हा वाकली आणि त्याच्या कानात तोंड घालून ओरडली, "पप्पाऽऽ!" केशवने कानावरची माशी हाकलावी तसा हात फिरवला आणि घोरत राहिला.

आणि ईश्वरी हसली.

हिराक्कांच्या हातातली पळी थांबली. "मास्तर," त्या म्हणाल्या, "आवाज आला."

केशव उठला तो बालवाडी सुटायच्या वेळी. सगळं ऐकून आधी ओशाळला. म्हणाला, "सर, प्रेस शॉपमधला मानूस. आठ तास कानाशी धडाम धडाम. मला आवाजानं काय होतंय? घरी जाग येती ती पत्रा तापतो मनून." मग बोटं गेली तेव्हा सविता ईश्वरीला काय म्हणाली होती, ते तिनेच त्याला सांगितलं. त्याला हे माहीतच नव्हतं. त्याने ईश्वरीला मांडीवर घेतलं, तो हात तिच्यापुढे धरला. "हे तुझ्यामुळं न्हाई, ईशू. त्या दिवशी पप्पानं डबल शिफ्ट मारली होती. एक सुटली की लगेच दुसरी. घरी आलोच नव्हतो झोपायला. तू रडलीस कुठं आन मी झोपलो कुठं?" सविता पाठ फिरवून डोळे पुसत होती. ईश्वरीने ती अर्धी बोटं धरून बघितली. 

गावाला न्यायचं त्याने पुढे ढकललं. मी बाईंकडे गेलो आणि हात जोडून दिवाळीपर्यंत मुदत मागितली. चूक माझ्याकडून झाली, असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, पुढच्या बाकावर घेते. पण एका मुलीसाठी मी वर्ग थांबवू शकत नाही." खरंच होतं ते.

ईश्वरी लगेच बोलायला लागली, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ती शाळेत गेली, पाणी थोडं थोडं प्यायला लागली, मधल्या सुट्टीपर्यंत कळ काढायला शिकली. मी रोज शाळा सुटताना सविताला विचारायचो, "आज?" ती नकारार्थी मान हलवायची. असे पुष्कळ दिवस गेले. गणपती बसले, उठले. मग एके दिवशी बाईच मला टपरीपाशी भेटल्या. म्हणाल्या, "आज तुमची ईश्वरी बोलली हो." मी म्हणालो, "जाऊ का बाई, असं म्हणाली?" तर म्हणाल्या, "छे! स्वतःसाठी नाही. मी फळ्यावर लिहीत होते. मागून कुणीतरी केवढ्याने ओरडलं, 'बाई, ह्याला लागलीय!' वळून बघते तर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा, करंगळी वर. आणि ही पहिल्या बाकावरून मागे वळून त्याच्याकडे बोट दाखवतेय."

तो शेवटच्या बाकावरचा मुलगाही माझ्याच बालवाडीतला होता.

आता आमच्याकडे करंगळी बंद आहे. जायचं असेल त्याने तोंडाने सांगायचं, मी पाठमोरा असलो तरी ऐकू येईल इतक्या मोठ्याने. म्हणून मी मुद्दाम पाठमोरा उभा राहतो. पहिल्या दिवशी एका मुलीने खणखणीत आवाजात सांगितलं तेव्हा माझे कान तापले, खोटं कशाला बोलू? तोंडावरचं बोटही गेलं. वर्गात बाजार भरतो. दोघा पालकांनी पोरं काढून नेली. "पुरुषमाणसाला आवरत नाहीत," असं एकीने जाताजाता हिराक्कांना ऐकवलं. हिराक्का म्हणाल्या, "आवरत व्हते तवाच चुकत व्हतं, बाई." मला मात्र ते लागलं. अजून लागतं.

आणि जी पोरं मी त्याआधी पाठवली? दरवर्षी एखादं तरी होतं भिंतीशी बसणारं, न मागता घडी घालणारं. मी त्यांना शाब्बास म्हणून पाठवून दिलं. त्यांची नावं आठवायला बसलो तर आठवत नाहीत. त्रास देणाऱ्यांची सगळी आठवतात. गप असणाऱ्यांची नाहीत.

या जूनमध्ये मी नेहमीप्रमाणे टपरीआड उभा होतो. नवी पोरं आयांचे हात धरून फाटकापर्यंत आली होती, एकही रडत नव्हतं. मी श्वास रोखून मोजत होतो, याला बटण येतं, हिला झाकण. तेवढ्यात दुसरीत गेलेली ईश्वरी आली. फाटकाशी थांबली. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने रस्त्यापलीकडे बघितलं आणि तिला माझी चप्पल दिसली की डोकं, पण ती टेम्पो आणि बसगाड्यांच्या वर आवाज काढून ओरडली, "सऽऽऽर! सर तिकडं लपलेत!"

सगळी पोरं वळली. एकाने ओठ काढला, दुसऱ्याने भोकाड पसरलं, आणि मग ओळीने सगळ्यांनी. आया माझ्याकडे रागाने बघायला लागल्या. टपरीवाला म्हणाला, "घ्या सर. पकडलं तुम्हाला."

ईश्वरी हाका मारतच होती. तिला गप करायला माझा हात सवयीने वर गेला, बोट ओठांपर्यंत आलं होतं. तो हात तसाच वर नेऊन मी तिला टाटा केला.